आभाळातून दगड किती वेळा पडतो? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरे

डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावावर लिहिले आणि बरीच पत्रे आली. कुणी गच्चीवरून साठ उल्का मोजल्या, कुणी धुक्यामुळे दोनच. काही पत्रांत मात्र वेगळा प्रश्न होता: यातले खाली किती येते, किती वेळा येते आणि हे कुणी मोजले कसे? त्यातले सहा प्रश्न आज घेते आहे. एक शब्द आधी स्पष्ट करते. आकाशात रेघ ओढून जाते ती उल्का, आणि तिच्यातले जे काही जळूनही उरते व जमिनीवर हाती लागते तो अशनी.

"ताई, सातवीतल्या एका मुलीने विचारले, आपल्या घरावर अशनी पडेल का? 'शक्यता फार कमी असते' म्हणून मी वेळ मारून नेली. खरा आकडा काढता येतो का?" (शिक्षिका, नाशिक)

येतो, आणि सातवीच्या गणितातच येतो. वर्गात फळ्यावर करून दाखवा.

आधी जगभर वर्षाला किती अशनी पडतात ते हवे. लोकांनी पडताना पाहिलेले मोजून हा आकडा मिळत नाही. समुद्रात, जंगलात किंवा रात्री रानात पडलेला दगड कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अंटार्क्टिका गाठले. तिथे निळसर, टणक बर्फाचे पट्टे आहेत आणि त्यांवर काळा दगड लांबूनही नजरेत भरतो. कुठल्या पट्ट्यात किती दगड सापडतात, तिथला बर्फ किती सरकतो, किती झिजतो, हे सगळे धरून त्यांनी २०२०मध्ये उत्तर मांडले: ५० ग्रॅमहून जड असे सुमारे १७,००० अशनी दरवर्षी पृथ्वीवर येतात. ५० ग्रॅम म्हणजे चांगल्या रसरशीत लिंबाचे वजन.

पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर ३०,००० चौरस किलोमीटरला वर्षाला एक अशनी येतो. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या राज्यात वर्षाला दहाच्या आसपास. खरे तर थोडे जास्तच, कारण ध्रुवांच्या मानाने विषुववृत्ताकडे अशनी जास्त पडतात. गोव्यात आठ वर्षांतून एखादा. महाराष्ट्रात दरवर्षी दहा पडतात आणि आपल्याला बातमी कळते ती कित्येक वर्षांतून एखाद्याची. बाकीचे कुठे जातात? तुरीत, उसात, घाटाच्या जंगलात, धरणात.

आता घराकडे येऊ. छप्पर १०० चौरस मीटरचे धरा. ३०,००० चौरस किलोमीटरमध्ये अशी ३० कोटी छपरे मावतात. म्हणजे त्या मुलीच्या घरावर लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा अशनी पडायला सरासरी ३० कोटी वर्षे लागतील. तीस कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरसुद्धा अजून जन्मले नव्हते. पण राज्यात अशी एक कोटी छपरे आहेत असे मानले, तर त्यांपैकी कुठल्या तरी एकावर अशनी पडायला तीसच वर्षे पुरतात. 'माझ्या घरावर' आणि 'कुणाच्या तरी घरावर' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मुलांना एवढे कळले तरी तास सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

माणसाचेही गणित असेच करता येते. उभ्या माणसाचे वरून दिसणारे क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर. आठशे कोटी माणसांचे मिळून १,६०० चौरस किलोमीटर होते. सगळे उघड्यावर उभे राहिले तर वीसेक वर्षांतून एकाला अशनी लागेल. आपण बराच वेळ छपराखाली असतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी. १९५४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सिलाकॉगा इथे जवळपास चार किलोचा अशनी छप्पर फोडून आत आला, रेडिओवर आपटला आणि कोचावर झोपलेल्या बाईंच्या मांडीला लागला. मोठा काळानिळा डाग पडला, पण त्या वाचल्या. मृत्यूची सर्वांत भक्कम नोंद तुर्कस्तानच्या ऑटोमन साम्राज्याच्या दफ्तरातली आहे. २२ ऑगस्ट १८८८ रोजी आजच्या इराकमधल्या सुलेमानियाजवळ एक माणूस दगावला आणि एक अपंग झाला, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी कळवलेले कागद २०२०मध्ये उजेडात आले. २०१६मध्ये तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात एका बसचालकाचा मृत्यू अशनीमुळे झाल्याची बातमी पसरली होती. घटनास्थळाची छायाचित्रे पाहून नासाच्या तज्ज्ञांनी तो जमिनीवरचाच स्फोट दिसतो असे सांगितले. बातमी छापली गेली म्हणजे नोंद पक्की झाली असे नाही.

"लोणारचे वय शाळेत ५२,००० वर्षे शिकलो. आता कुठे पावणेसहा लाख वाचायला मिळते. दहा पटींचा फरक कसा पडतो? आणि असे विवर पुन्हा कधी होणार, यावर त्याचा परिणाम होतो का?" (मेहकर)

तुम्ही लोणारच्या शेजारचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही आकडे दोन निरनिराळ्या घड्याळांचे आहेत. आघातात खडक वितळून काच झाली. त्या काचेत तेव्हापासून किरणोत्सारी परिणाम साठत गेला. ती तापवली की मंद उजेड देते, आणि त्या उजेडावरून वय काढतात. त्यातून ५२,००० आले. दुसरे घड्याळ आर्गॉन वायूचे. वितळलेल्या खडकातला जुना आर्गॉन निघून जातो आणि पोटॅशियमपासून नवा साठू लागतो. त्यातून साधारण पावणेसहा लाख आले. दोन्ही घड्याळांची खोड ठाऊक आहे. काच नंतर कधी तापली किंवा उन्हात राहिली तर तिचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि वय कमी दिसते. उलट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या बेसाल्ट या काळ्या खडकातला जुना आर्गॉन पुरता निघाला नसेल तर वय जास्त दिसते. माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे, कारण आर्गॉनच्या अभ्यासात हा उरलेला वायू ओळखून वेगळा काढण्याची सोय असते.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे, ती म्हणजे हे विवर आघाताचेच आहे. १९७०च्या दशकात तळात छिद्रे घेतली तेव्हा मॅस्केलिनाइट हाती लागले. प्रचंड दाबाखाली फेल्डस्पार हे खनिज न वितळताच काचेसारखे होते, ते हे. ज्वालामुखीत एवढा दाब नसतो. प्रयोगशाळेत न जाताही पाहण्यासारखे एक आहे. काठावर उभे राहून खडकाचे थर बघा. दख्खनच्या पठारावर सगळीकडे थर कसे आडवे, एकावर एक रचलेले असतात. लोणारच्या काठावर ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत आणि काही ठिकाणी तर पालथे पडले आहेत, म्हणजे खालचा थर वर. पुस्तकाचे पान उलटावे तसे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या कडेवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी होते.

पुढचे कधी, याचे उत्तर एका विवराच्या वयातून मिळत नाही. जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचे हे एकच विवर आहे आणि एका घटनेवरून सरासरी निघत नाही. दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि साडेसहा कोटी वर्षे उघडा पडलेला आहे. एवढ्या पाटीवर खात्रीने आघाताचे म्हणावे असे लोणारच. बाकीची पावसाने, नद्यांनी, मातीने पुसली. साऱ्या पृथ्वीवर खात्रीची विवरे दोनशेच्या आसपासच. इथे मोजदाद करायची म्हणजे कुणीतरी सारखी पुसत असलेल्या पाटीवरची अक्षरे मोजण्यासारखे आहे. न पुसणारी पाटी हवी असेल तर चंद्राकडे जावे लागते. पुढचा प्रश्न नेमका तोच आहे.

"चंद्रावरच्या खड्ड्यांवरून 'किती वेळा' कसे कळते? आणि आजही तिथे नवे खड्डे पडतात का?" (रत्नागिरी)

खड्डे मोजले की 'किती' कळते, 'किती वर्षांत' ते कळत नाही. ती वर्षे अपोलोच्या खडकांनी दिली. अंतराळवीर ज्या मैदानांवर उतरले तिथल्या खडकांचे वय प्रयोगशाळेत निघाले. मग त्याच मैदानांवरचे खड्डे मोजून एका चौरस किलोमीटरवर किती वर्षांत किती आघात झाले याचा तक्ता तयार झाला. मंगळ, बुध, शुक्र, सगळीकडची वये आज याच तक्त्यावरून काढतात. त्यात एक मोठे भगदाड होते. एक अब्ज ते तीन अब्ज वर्षे या वयोगटातला एकही खात्रीचा नमुना हाती नव्हता. २०२०मध्ये चीनच्या छांग-अ ५ यानाने आणलेले खडक सुमारे दोन अब्ज वर्षांचे निघाले आणि नेमके मधे एक खूण रोवली गेली.

आजही पडतात का? पडतात, आणि आता आपण ते पाहतोही. १७ मार्च २०१३ रोजी नासाच्या दुर्बिणींनी चंद्राच्या अंधाऱ्या भागावर एक लखलखाट टिपला. साधारण ४० किलोचा दगड आदळला होता. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने त्या जागी १८ मीटर रुंदीचा ताजा खड्डा शोधून काढला. त्याच यानाची जुनी-नवी छायाचित्रे शेजारी ठेवून संशोधकांनी २०१६मध्ये २२२ नवे खड्डे जाहीर केले. दहा मीटर किंवा त्याहून मोठे खड्डे आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त निघाले. मला हे काम फार मोलाचे वाटते. वर्षानुवर्षे तीच जमीन त्याच चिकाटीने पाहत राहणे, यातूनच हा आकडा सुधारतो.

मंगळावर दुसरीच युक्ती लाभली. इनसाइट यानाने तिथे भूकंपमापक ठेवला होता. २४ डिसेंबर २०२१ला त्याने ४ तीव्रतेचा हादरा नोंदवला आणि नंतर छायाचित्रांत दीडशे मीटर रुंदीचे नवे विवर दिसले, भोवती बर्फाचे पांढरे ढेकूळ उधळलेले. अशा हादऱ्यांवरून २०२४मध्ये काढलेला अंदाज असा: आठ मीटरहून मोठे २८० ते ३६० खड्डे मंगळावर दरवर्षी पडतात. शुक्राची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या दाट हवेत लहान दगड टिकतच नाहीत, म्हणून दोन-तीन किलोमीटरपेक्षा लहान विवर तिथे जवळपास नाही. गुरूला जमीनच नाही, पण हौशी निरीक्षकांच्या व्हिडिओंत २०१०पासून लखलखाट सापडत आले आहेत. घरच्या दुर्बिणीला कॅमेरा लावणाऱ्यांनी विज्ञानाला दिलेले हे खरे दान आहे.

"मी एरोस्पेसचा विद्यार्थी आहे. उपग्रहावर सूक्ष्म उल्का आदळण्याचा दर डिझाइनमध्ये गृहीत धरतात, तो येतो कुठून?" (पुणे)

अंतराळात ठेवून परत आणलेल्या वस्तूंवरून. सर्वांत मोठा धडा एलडीईएफ या बसएवढ्या पिंपाने दिला. एप्रिल १९८४मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाने ते कक्षेत सोडले आणि वर्षभरात परत आणायचे ठरले होते. पुढे चॅलेंजरचाच अपघात झाला, उड्डाणे थांबली आणि ते जानेवारी १९९०मध्ये कोलंबिया यानाने खाली आणले. पावणेसहा वर्षांत त्याच्यावर नुसत्या डोळ्यांना दिसतील असे तीस हजारांहून जास्त खळगे पडले होते. त्याची एकच बाजू सदैव प्रवासाच्या दिशेला होती. तिच्यावर मागच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त खळगे होते. पावसात धावणाऱ्या गाडीची पुढची काच जास्त भिजते, तसेच.

मग एकेका खळग्याच्या तळाशी काय चिकटले आहे ते तपासतात. लोह, निकेल, मॅग्नेशियम, गंधक असेल तर तो निसर्गाचा कण. ॲल्युमिनियम किंवा रंगातले टायटॅनियम असेल तर आपलाच कचरा. एलडीईएफच्या खळग्यांवरूनच १९९३मध्ये अंदाज निघाला की पृथ्वीवर वर्षाला सुमारे ४०,००० टन वैश्विक धूळ येते, चूकभूल वीस हजार टन इकडेतिकडे. हबल दुर्बिणीचा जुना कॅमेरा २००९मध्ये परत आणला, तेव्हा त्याच्या रेडिएटरवरचे शेकडो खळगेही असेच एकेक करून तपासले गेले.

तुमच्या डिझाइनसाठी एक उदाहरण. एक मिलिमीटरचा कण, वेग सेकंदाला २० किलोमीटर. वस्तुमान जेमतेम सव्वा मिलिग्रॅम, पण ऊर्जा अडीचशे जूलच्या वर. किलोभर वजनाचा दगड आठव्या मजल्यावरून पडावा तेवढी, आणि तीही सुईच्या टोकाएवढ्या जागी. म्हणून जाड पत्रा लावून भागत नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७मध्ये सुचवलेला उपाय आजही वापरतात: मुख्य भिंतीपासून थोड्या अंतरावर एक पातळ पत्रा. कण त्यावर आदळून स्वतःच फुटतो, विरघळतो आणि मागच्या भिंतीवर पसरून पोचतो.

हिशेब करताना दर, क्षेत्रफळ आणि काळ यांचा गुणाकार करायचा. तो ०.०१ आला तर भोक पडण्याची शक्यता एक टक्का. नाशिकच्या बाईंच्या छपराचे गणित आणि तुमचे गणित एकच आहे, पाटी तेवढी बदलली. आणि एक टक्काही कधीतरी खरा ठरतो. डिसेंबर २०२२मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानाच्या रेडिएटरला एक मिलिमीटरहूनही लहान भोक पडले आणि शीतक, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, फवाऱ्यासारखा बाहेर उडाला. रशियाने दोष सूक्ष्म उल्केला दिला. त्या यानातून परतायचे होते ते तिघे बदली यानाने उतरले तेव्हा त्यांना ३७१ दिवस झाले होते. मे २०२२मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाच्या एका तुकड्याला अपेक्षेपेक्षा मोठा फटका बसला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपला कचरा नाही, तेव्हा तो निसर्गाचाच कण. त्यानंतर शक्य तेव्हा आरसा प्रवासाच्या दिशेला न रोखण्याचे वेळापत्रक आखले गेले. पावसात तोंड फिरवून बसावे तसे.

"२०२२च्या पाडव्याला संध्याकाळी आम्ही आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. सिंदेवाहीकडे लोखंडी कडे पडले. ते अशनींच्या मोजणीत धरतात का?" (ब्रह्मपुरी)

नाही. लाडबोरीला पडलेले कडे आणि आसपास सापडलेले गोळे चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या टप्प्याचे असल्याचे कक्षांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. तो टप्पा वर्षभरापूर्वीच्या उड्डाणातला होता.

तुम्ही पाहिले त्यातच ओळख आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत संपते. कक्षेतून उतरणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत, जवळजवळ आडवा येतो. तुकडे एकामागोमाग एका ओळीत जळत जातात आणि लोकांना घरातून एकमेकांना हाका मारून बाहेर बोलावण्याइतका वेळ मिळतो. मार्च २०२४मध्ये फ्लोरिडातल्या एका घराचे छप्पर ७०० ग्रॅमच्या धातूच्या तुकड्याने फोडले. तो स्थानकातून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांच्या खोक्याचा होता आणि नासाने तसे मान्यही केले. अशनींचा दर आपल्या हातात नाही. या कचऱ्याचा आहे, आणि पाडव्याच्या दिवशी गावावर लोखंड पडणे मी मुळीच क्षम्य मानत नाही.

"चेल्याबिन्स्कसारखी घटना शंभर वर्षांतून एकदा होते म्हणतात. मग आता २११३पर्यंत काळजी नाही ना?" (सोलापूर)

तसे नाही. दगडांना पंचांग नसते. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी एक टक्का, आणि हा टक्का मागच्या वर्षी काय झाले ते विचारत नाही. अशा शंभर वर्षांत एकही घटना न होण्याची शक्यता ३७ टक्के असते.

शिवाय हा शंभराचा आकडाही तितका पक्का नाही. मीटर-दोन मीटरच्या दगडांची मोजणी चांगली आहे, कारण अणुस्फोटांवर नजर ठेवणारे उपग्रह आणि कानाला न ऐकू येणारे आवाज टिपणारी केंद्रे त्यांचे स्फोट नोंदवतात. एक किलोमीटरहून मोठे लघुग्रह दुर्बिणींनी बहुतेक सगळे शोधले आहेत. अडचण मधल्यांची. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात फुटलेला दगड २० मीटरचा होता, सूर्याच्या दिशेने आला आणि कुणालाही आधी दिसला नाही. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी. लखलखाट पाहून लोक खिडकीशी गेले आणि मिनिटा-दोन मिनिटांनी धक्का पोचला. हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा: आकाशात असा प्रखर उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा. त्या घटनेनंतर काही संशोधकांनी या आकाराच्या दगडांचा दर दुर्बिणींच्या अंदाजापेक्षा बराच जास्त असावा असे मांडले आणि त्यावर अजून एकमत नाही.

शेवटी, सोबत दगडाचे फोटो पाठवणाऱ्या तिघांसाठी. लोहचुंबक चिकटला एवढ्यावर अशनी ठरत नाही. आपल्या काळ्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असते आणि तो चुंबकाला थोडा ओढतोच. आत बुडबुड्यांची भोके दिसत असतील तर तो बेसाल्ट किंवा भट्टीतली मळी. दगड फरशीच्या मागच्या, बिनचकाकीच्या बाजूवर घासा. लालसर किंवा काळी ठळक रेघ उठली तर बहुधा अशनी नाही. पातळ काळी साल, आतला गाभा फिकट आणि कोपरा घासल्यावर धातूचे चमकणारे ठिपके, असे असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. देशातल्या अशनींचा ठेवा तेच सांभाळतात.

आणि कधी डोळ्यांदेखत पडला तर पहिल्यांदा घड्याळ बघा. २२ मे २०१२ला दुपारी नागपूरजवळ काटोलला अशनींचा सडा पडला. लोकांनी आवाज ऐकला, दिवस आणि वेळ लक्षात राहिली, आणि पावसाळ्याआधीच तुकडे गोळा झाल्याने ते गंजले नाहीत. त्यांतल्या एकात नऊ वर्षांनी ब्रिजमनाइट सापडले, पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारे खनिज. तेव्हा आधी वेळ लिहा, मग जागा, मग फोटो. दगड उघड्या हाताने धरू नका, धुऊ नका. स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा.